बैठक किती वाजता?

चंडीगडचा नकाशा उघडला की डोळ्यांत भरतात त्या चौकटी. ल कॉर्बुझिये या वास्तुरचनाकाराने पन्नासच्या दशकात हे शहर सेक्टरांमध्ये आखलं. एक सेक्टर साधारण १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. मधून हिरवा पट्टा, त्याच्या आसपास शाळा. मुलाला वेगवान रस्ता ओलांडावा लागू नये, पायी चालत त्याने वर्गात पोचावं, असा हिशेब त्यामागे होता. शहराच्या आग्नेय अंगाला मात्र एक तुकडा या चौकटींबाहेर पडतो. त्याला सेक्टरचा आकडा नाही, नुसतं नाव आहे: इंडस्ट्रियल एरिया. फेज एक आणि फेज दोन.

तिथे कारखाने वसवायचे होते. कारखान्यांत राबणारी माणसं कुठे राहतील, याचं उत्तर नकाशात धड नव्हतं. माणसं आलीच. बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधून, आणि कारखान्यांच्या कडेने वस्त्या उभ्या राहिल्या. कॉलनी नंबर चार ही त्यातली एक मोठी वस्ती. १ मे २०२२ रोजी, म्हणजे नेमक्या कामगार दिनी, प्रशासनाने ती पाडली. ज्यांची कागदपत्रं पात्र ठरली त्यांना शहराच्या पार पश्चिमेला, मलोया इथे भाड्याची घरं मिळाली. एप्रिल २०२५मध्ये त्याच भागातली संजय कॉलनीही हटवली गेली.

शाळांच्या कारभारावरच्या लेखाची सुरुवात बुलडोझरने करायला कारण आहे. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. आता जिथे पालक बारा-बारा तासांच्या पाळीत काम करतो, खाडा झाला की रोज बुडतो, आणि ज्याचं घर उद्या शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं, तिथे हा पालक समितीत बसणार कसा? कागदावर तो कारभारी आहे. प्रत्यक्षात त्याला बैठकीला यायला वेळ नाही. ‘सहभागी नेतृत्व’, ‘सर्वसमावेशक प्रशासन’ असे शब्द प्रशिक्षणांच्या स्लाइडवर छान दिसतात. माझ्या मते त्यांची परीक्षा एका साध्या प्रश्नात होते: बैठक किती वाजता आहे?

हा प्रश्न मराठी वाचकाला लांबचा वाटायचं कारण नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी. आपल्याकडच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या कुशीतली जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा घ्या. पटावरची अर्धी मुलं बाहेरगावची, काही परभाषक, खोली दर अकरा महिन्यांनी बदलणारी. आई पॅकिंगच्या लाइनवर, बाप कंत्राटी. नोटीस निघते: ‘शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा दि. अमुक रोजी सकाळी ११.०० वाजता.’ सकाळी अकरा ही वेळ कोणाची? शिक्षकांची, केंद्रप्रमुखांची, आणि गावात ज्यांना काही काम नाही अशा दोघा-चौघांची.

कायद्याने काय दिलं ते आधी नीट पाहू, कारण दिलेलं थोडं नाही. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीचं. पालकांचा वाटा किमान पाऊण, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडायचा, मुख्याध्यापक सचिव. महिन्यातून एकदा तरी सभा. कामं चार: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, मिळालेल्या निधीचा विनियोग बघणं आणि सरकार ठरवील ते इतर. कलम २२ त्याहून पुढे जातं. समितीने केलेला आराखडा हाच पुढच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया मानावा, असं ते सांगतं. म्हणजे योजना खालून वर जायची. विनाअनुदानित खाजगी शाळांना मात्र कलम २१मधून सूट आहे. तिथे आपल्या राज्यात शुल्क नियमन कायद्याखालची पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, आणि तिचे पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून काढतात. ज्या शाळांत फी सर्वांत जास्त, तिथे पालकाचा अधिकार मुख्यतः फीपुरता. तो विषय स्वतंत्र लेखाचा, म्हणून इथे सोडतो.

आता प्रत्यक्ष. समितीचं बँक खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालायचं. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या पालकांची समितीशी पहिली ओळख होते ती सहीमुळे. प्रोसिडिंगचं रजिस्टर, त्यात आधीच लिहून ठेवलेला ठराव, खाली सूचक आणि अनुमोदक, आणि ‘सही कुठं करू?’ हा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी रजिस्टरच घरोघरी फिरतं, सभा फिरत नाही. अध्यक्ष बाई असतील तर सभेला त्यांचे यजमान येतात आणि सहीपुरतं रजिस्टर घरी जातं. पंचायत राजमधला हा सगळा अनुभव शाळेने आयता उचलला.

यात मुख्याध्यापकाला झोडपायचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण मुळात मुख्याध्यापक आहे कुठे? याच कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर मुलं असतील तरच मुख्याध्यापकाचं पद देय आहे. सहावी ते आठवीला ही मर्यादा शंभराची. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट वीस, तीस, साठ. तिथे ज्येष्ठ शिक्षक ‘प्रभारी’ असतो. दोन वर्ग एकत्र घेऊन शिकवायचे, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घ्यायचा, यू-डायसची माहिती भरायची, ऑनलाइन हजेरी, निवडणूक आली की बीएलओचं काम, शिवाय महिन्याची सभा. या माणसाला कोणी नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं तर तो आधी विचारतो, त्या दिवशी वर्ग कोण सांभाळणार? त्याने ठराव आधीच लिहून ठेवला तर त्यात हुकूमशाहीपेक्षा दमणूक जास्त असते.

आणि वाटून घ्यायला सत्ता तरी किती? समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं. पट तीसच्या वर आणि शंभरपर्यंत असेल तर २५ हजार रुपये, शंभर ते अडीचशेला ५० हजार. त्यातून वीजबिल, खडू, झाडू, दुरुस्ती, स्वच्छतेचा राखीव भाग. पंचवीस हजारांचा आराखडा करायला बारा-सोळा माणसांनी रोजगार बुडवून यावं, ही अपेक्षाच जरा अजब आहे. वर समित्यांचा पाऊस: पोषण आहाराची, बांधकामाची, परिवहनाची, तक्रार निवारणाची, २०२२ची सखी सावित्री समिती. प्रत्येक प्रश्नावर सरकारचं उत्तर म्हणजे नवी समिती आणि नवं रजिस्टर. शेवटी २०२५मध्ये राज्य सरकारनेच शाळापातळीवरच्या अनेक समित्या एकमेकींत मिसळून त्या मोजक्या करायचं ठरवलं. बऱ्याच गुरुजींनी तो निर्णय दोनदा वाचला असेल.

तरीही काही ठिकाणी हे घडलं आहे. कसं घडलं, ते बघण्यासारखं आहे.

सातारा तालुक्यातलं कुमठे बीट. बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा समूह. इथे सुमारे ४० शाळा. प्रतिभा भराडे तिथे शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. विस्तार अधिकारी म्हणजे तपासणी, शेरेबुक, ‘खुलासा सादर करावा’. भराडेबाईंनी हे कामच फिरवलं. त्या वर्गात जाऊन मुलांसोबत बसत. मूल कुठे अडतं, का अडतं, हे शिक्षकाच्या बरोबरीने शोधत. कोणत्या शाळेत काय साधलं ते बीटातले शिक्षक एकमेकांच्या वर्गांत जाऊन बघत. खडू-फळ्यापेक्षा फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, बिया, काड्या, शब्दचक्रं यांनी वर्ग भरून गेले. भिंतीकडे तोंड करून ओळीत बसण्याऐवजी मुलं गटात बसू लागली. ज्ञानरचनावाद हा जड शब्द महाराष्ट्राच्या शिक्षकांच्या बोलण्यात रुळला त्यात कुमठ्याचा मोठा वाटा आहे. राज्यभरातून हजारो शिक्षक तिथे येऊन वर्ग बघून गेले. नंदकुमार शिक्षण सचिव असताना, जून २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्यामागे कुमठ्याचा अनुभव होता.

मग व्हायचं ते झालं. राज्यभर फरशा रंगल्या. कुठे लोकवर्गणीतून, कुठे शिक्षकाच्या खिशातून. आकृत्यांची नक्कल सोपी होती. अधिकाऱ्याने खुर्ची सोडून त्या फरशीवर बसायचं, शेऱ्याऐवजी प्रश्न विचारायचा आणि ‘मला हे येत नाही, आपण मिळून बघू’ असं शिक्षकांसमोर म्हणायचं, याची नक्कल कशी करणार? त्याचा शासन निर्णय निघत नाही. कुमठ्यात शिक्षणपद्धती बदलली असं आपण म्हणतो. मला तिथला कारभाराचा बदल जास्त महत्त्वाचा वाटतो. वरच्या माणसाने तपासायचं थांबवून शिकायला सुरुवात केली, म्हणून खालच्या माणसाला चुकायची मुभा मिळाली.

या विचाराला महाराष्ट्रात जुनी वंशावळ आहे, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवातही वेळेच्याच प्रश्नापासून होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला सवड रात्रीच असते, एवढं त्यांना दिसत होतं. पुढे १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं म्हटलं, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा असंही सुचवलं; ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, हा युक्तिवाद. शाळा चालवणारा आणि शाळेत मूल घालणारा यांच्यातलं अंतर हाच मूळ रोग, हे निदान आज दीडशे वर्षांनी जुनं झालेलं नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम, सगळं मुलांच्या हातांनी. गांधीजींनी १९२७ साली त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं. पैसा नव्हता म्हणून मुलं राबली, हे खरंच. पण आपलं जेवण आपण शिजवणाऱ्या मुलाला संस्था परकी वाटत नाही, हेही तितकंच खरं. ‘रयत’ला मूठमूठ धान्य देणाऱ्या बाईला कोणत्याही समितीचं सदस्यत्व नव्हतं. तरी बोर्डिंगात काय चाललंय हे विचारायचा हक्क आपला आहे, अशी तिची खात्री असणार, असं मला वाटतं.

तिसरं नाव जे. पी. नाईक यांचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. त्या आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली: एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी एकत्र काम करावं, साधनं वाटून घ्यावीत, एकट्या पडलेल्या शिक्षकाला सोबत मिळावी, आणि खात्याने आपले काही अधिकार या समूहाच्या हाती सोडावेत. महाराष्ट्रात पुढे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळासंकुल पुन्हा अवतरलं. साधनं वाटून घेण्याचा भाग प्रत्येक वेळी उत्साहाने उचलला गेला. अधिकार सोडण्याचा भाग प्रत्येक वेळी मागे राहिला. आणि आता तर ‘समूह शाळा’ म्हटलं की वाडीवरच्या पालकाला आपली शाळा बंद होणार अशीच धास्ती वाटते. ज्या कल्पनेने त्याला आवाज मिळायचा होता, तिच्याविरुद्ध तो निवेदनं देतो. त्यात त्याची चूक नाही. त्याला विचारलंच कोणी?

आता पुणे जिल्ह्यात येऊ. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी ही शिक्रापूरजवळची छोटी वस्ती, औद्योगिक पट्ट्याला लागून. दत्तात्रय वारे हे शिक्षक तिथे २०१२मध्ये आले तेव्हा ती चारचौघींसारखी द्विशिक्षकी शाळा होती. गावकऱ्यांनी शाळेसाठी स्वतःची जमीन दिली. पुणे जिल्ह्यात, कंपन्यांच्या भिंतींपासून हाकेच्या अंतरावर, जमिनीचा गुंठा म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल. काचेच्या, नैसर्गिक उजेडाच्या वर्गखोल्या झाल्या, प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली, देशभरातून पाहुणे येऊ लागले.

वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगर या वस्तीवरच्या शाळेत आले. पट इतका घसरलेला की शाळा बंद पडायच्या बेतात. तिथे पुन्हा गाव उभं राहिलं, पट वाढला. २०२५मध्ये टी-फोर एज्युकेशन या संस्थेच्या ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ पुरस्कारांत, लोकसहभागाच्या गटात, ही जिल्हा परिषदेची शाळा पहिल्या दहांत आली आणि जनतेच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिने जिंकला. पुरस्कारापेक्षा तिथली ‘विषयमित्र’ ही पद्धत मला जास्त सांगण्यासारखी वाटते. मुलांचे गट इयत्तेच्या भिंती ओलांडून होतात. ज्याला जे येतं तो ते दुसऱ्याला शिकवतो. गणितात पुढे असलेली तिसरीतली मुलगी पाचवीतल्या मुलाची विषयमित्र होऊ शकते. वरवर ही शिकवण्याची युक्ती आहे. पण तिथे मोठेपण वयाने, इयत्तेने किंवा आडनावाने मिळत नाही, रोज बदलत राहतं, हे मुलं सहा-सात वर्षांच्या वयात अनुभवतात. कारभाराचं शिक्षण याहून निराळं काय असतं?

दोन शाळा, गुरुजी एकच. हे कौतुकाचं आहे आणि काळजीचंही. वाबळेवाडी म्हटलं की वारे, जालिंदरनगर म्हटलं की वारे. परितेवाडी म्हटलं की रणजितसिंह डिसले, ज्यांना २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि ज्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटून टाकली. आपल्याला शाळा आठवते ती माणसाच्या नावाने. वर्तमानपत्रांनाही एक चेहरा लागतो, चौदा पालकांचा फोटो पहिल्या पानावर येत नाही. मग तो चेहरा बदलून गेला की काय उरतं? सहभागाची खरी कसोटी गुरुजींच्या निरोपसमारंभानंतरच्या पहिल्या जूनमध्ये लागते. नवे गुरुजी आले, आणि समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांना ‘आमच्याकडं असं चालतं’ म्हणून समजावून सांगितलं, तर शाळा गावाची झाली म्हणायची. नव्या गुरुजींनी ‘आता हे असं चालणार’ म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, तर आधीचं सगळं एका भल्या माणसाची कृपा होती.

बदल्या कोण करतं? संगणक. २०१७पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात. त्यापूर्वीच्या वशिल्याच्या बाजारापेक्षा हे शतपटीने बरं, याबद्दल दुमत नाही. पण त्या संगणकाला शाळेत काय चाललंय हे कळत नाही आणि शाळा समितीला त्या संगणकाशी बोलता येत नाही. कायद्याने शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायला बसवलेल्या पालकांना शाळेचा प्रमुख कोण असावा याबद्दल चकार शब्द काढायची सोय नाही.

अमेरिकेतल्या शिकागोने नेमकी हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. १९८८च्या कायद्याने तिथल्या सार्वजनिक शाळांना स्थानिक शाळा परिषदा मिळाल्या. सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. माध्यमिक शाळेत विद्यार्थ्याचाही प्रतिनिधी. या परिषदेला मुख्याध्यापक निवडायचा, चार वर्षांचा करार करायचा आणि तो वाढवायचा की नाही हे ठरवायचा अधिकार. सगळीकडे रामराज्य आलं नाही. काही परिषदा भांडत बसल्या, काही निवडणुकांना उमेदवार मिळेनात. अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर या अभ्यासकांनी तिथल्या शाळांचा बरीच वर्षं मागोवा घेतला. त्यांचं पुस्तक २००२मध्ये आलं. शाळेतल्या मोठ्या माणसांचा, म्हणजे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर भरवसा भक्कम होता तिथे मुलांचं वाचन-गणित सुधारण्याची शक्यता दोनात एक. भरवसा कमजोर होता तिथे सातात एक. नवं सॉफ्टवेअर किंवा रंगीत भिंती यांची आकडेवारी इतकी बोलकी मी पाहिलेली नाही.

आपल्याकडे गावाने मुख्याध्यापक निवडावा असं मी म्हणणार नाही. आपली गावं मला माहीत आहेत. पहिल्याच वर्षी दोन गट पडतील, तिसऱ्या वर्षी गुरुजींची जात निघेल. पण बदलीच्या वेळी समितीचं लेखी मत मागवलं तर आभाळ कोसळणार नाही. नवा प्रमुख रुजू होताना जुना आराखडा समितीसमोर त्याच्या हाती देण्याची पद्धत पाडली, तर त्याला पैसाही लागत नाही.

भरवसा मात्र रिकाम्या खुर्च्यांशी जुळत नाही, म्हणून पुन्हा वेळेकडे यावं लागतं, आणि आपल्याकडे तो प्रश्न सर्वांत कठीण आहे तो मराठवाड्यात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांची गावं दिवाळीनंतर रिकामी होतात. कोयता घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. मुलं बरोबर गेली तर शाळा सुटते. म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आली. मुलांनी गावातच, आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहायचं, दोन वेळचं जेवण शाळेकडून. हे जेवण देण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर. कागदी समितीला अचानक खरं काम मिळालं: किराणा कोणाकडून, स्वयंपाक कोणी करायचा, यादीत कोणाची मुलं, हजेरी कोण बघणार. जी मुलं जातातच त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड, ते दाखवून त्यांनी जिथे जातील तिथल्या शाळेत बसायचं.

आणि इथेच पेच आहे. ही समिती ज्या पालकांच्या मुलांसाठी राबते, ते पालक बरोबर त्याच पाच-सहा महिन्यांत गावात नसतात. मागे कोण उरतं? जमीनवाले, दुकानवाले, ज्यांना ऊस तोडायला जावं लागत नाही ते. ‘प्रमाणात प्रतिनिधित्व’ कायद्याच्या पुस्तकात राहतं आणि किराणा ठरवणारे हात भलत्याचेच असतात. वसतिगृहांच्या हजेरीतल्या आणि जेवणातल्या घोळांबद्दल अधूनमधून ओरड होते. ती ऐकताना मला नेहमी वाटतं की भ्रष्टाचार हा त्यातला दुसरा दोष. पहिला दोष असा की पानात काय पडतं हे बघणारी आजी समितीत नाही. ती मुलाला पाच महिने सांभाळते, तिला त्याची भूक माहीत असते, पण नियमाच्या भाषेत ती ‘पालक’ आहे का, यावर कार्यालयात खल होऊ शकतो.

यातले काही उपाय इतके साधे आहेत की त्यांना नेतृत्व म्हणायलाही संकोच वाटतो. स्थलांतराच्या हंगामापुरतं आजी-आजोबांना समितीत रीतसर बसवणं. फडावर गेलेल्या सदस्याला सभेत फोनवर घेणं. मोबाइल आता फडावरच्या कोपीतही असतो. चाकणसारख्या ठिकाणी पाळी सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सभा घेणं आणि नोटिशीत दोन ओळी हिंदीतही लिहिणं. मुलगी चाकाच्या खुर्चीत असलेल्या पालकाला समितीत घेतलं तर रॅम्पचा विषय आराखड्यात आपोआप वर येतो, त्यासाठी वेगळी समिती लागत नाही. आणि ठराव सभेतच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून लिहिणं. शेवटचं काम वाटतं तितकं सोपं नाही. लिहिता न येणाऱ्या सदस्याने ‘गुरुजी, मी असं म्हणले नव्हते’ असं म्हटलं की रजिस्टरवर खाडाखोड करावी लागते, आणि खाडाखोड असलेलं रजिस्टर तपासणीत चालत नाही. पहिल्यांदा तो नियम बदलायला हवा.

रविवारी सभा घेणाऱ्या शिक्षकाला बदली रजा मिळते का, हाही प्रश्न आहे, आणि तो त्याने विचारला तर त्याला आळशी म्हणू नये. पालकाचा रोज बुडू नये म्हणून शिक्षकाची सुट्टी बुडवायची, ही सर्वसमावेशकता फार दिवस टिकत नाही. खात्याने वर्षातल्या बारा सभांपैकी निदान सहा सभांसाठी शिक्षकाला मोबदल्याची रजा आणि रोजंदारीवरच्या पालक सदस्याला त्या दिवसाचा भत्ता द्यावा. ग्रामपंचायत सदस्याला बैठक भत्ता देतो, शाळेच्या सदस्याला चहाही स्वतःचा प्यावा लागतो.

चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातून मलोयाला गेलेल्या कुटुंबांची मुलं नव्या शाळांच्या पटावर आली असतील, काही जुन्याच शाळेत लांबून येत असतील, काही गळली असतील. कायद्यात वस्ती उठल्यावर समितीचं काय करायचं याबद्दल ओळ नाही. पालक सदस्याचं मूल दुसऱ्या शाळेत गेलं की त्याचं सदस्यत्व संपतं, आणि नव्या शाळेची समिती आधीच पूर्ण भरलेली असते. नव्या पालकांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की समितीची निवड मुदतीआधी पुन्हा घ्यायची, एवढी एक तरतूद पुरेशी आहे. चाकणला, वाळूजला, मुंबईत पुनर्विकासाने उठलेल्या प्रत्येक चाळीलाही ती लागू पडेल.

मराठवाड्यातल्या गावांसाठी तर मुदत याहून आखूड असते. दिवाळीच्या सुट्टीआधीच उचल घेऊन झालेली असते, मुकादमाचे फोन सुरू असतात. हंगामी वसतिगृहाची यादी ज्या सभेत मंजूर व्हायची ती सुट्टीनंतर ठेवली, तर ज्यांच्या मुलांची नावं यादीत आहेत ते आईबाप तोवर फडावर पोचलेले असतील. ती सभा सुट्टी लागण्याआधी घ्या, संध्याकाळी घ्या, आणि आजीला बोलवा.